कृतज्ञतेची वही सुरू करताना

आपण नव्याने सुरुवात करत आहात, म्हणून आत्ता कृतज्ञतेची वही, आत्मविश्वास आणि आतला आवाज अशा मोजक्याच गोष्टी सांगतो. ध्यान, मौन हे पुढचे विषय सध्या बाजूला राहू द्यावेत.

कृतज्ञतेची वही म्हणजे ज्यांबद्दल आभार वाटतात त्या गोष्टी लिहून ठेवण्याची वही. तिच्यात रोज ‘कुटुंब, आरोग्य, नोकरी’ असे लिहिणे ही नवख्यांची सर्वांत मोठी चूक आहे, कारण काही दिवसांतच ते शब्द पाढ्यासारखे होतात. त्याऐवजी प्रसंग लिहावा. आपल्या सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते. अशा वेळी पाणी भरायचे राहून गेले असताना शेजारच्या काकूंनी न मागता दोन घागरी दारात आणून ठेवल्या, असे लिहिले की ऋण कोणाचे आणि कशासाठी, हे मनाला नेमके कळते. रोज लिहिण्याचा अट्टाहासही नको. एमन्स आणि मॅककलो या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या अभ्यासात आठवड्यातून एकदा, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिणाऱ्यांना कटकटींची यादी करणाऱ्यांपेक्षा आयुष्याबद्दल अधिक बरे वाटले. दुःखात असताना मात्र बळेच आभार मानू नयेत.

आत्मविश्वास घोषवाक्यांनी येत नाही. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांच्या मते त्याचा सर्वांत भक्कम आधार म्हणजे प्रत्यक्ष जमलेले काम. म्हणून सिद्धेश्वर तलावाकाठी सकाळी अर्धा तास चालण्यासारखे छोटे काम ठरवा आणि पार पाडा.

राहिला आतला आवाज. पहिली भीती किंवा पहिला संताप म्हणजे तो आवाज नव्हे. मनात आलेला निर्णय तारखेसह लिहून ठेवा, आठवड्याने पुन्हा वाचा, आणि तरीही तेच वाटत असेल तर घरातल्या जाणत्या माणसाशी बोलून पहिले पाऊल अवश्य टाका.