टॅलीला एक्सएमएल पाठवल्यावर 200 येतं, पण एन्ट्री दिसत नाही. असं का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: दुकानाचं बिलिंग पायथॉनमध्ये लिहिलंय, रात्री दिवसभराची बिलं एक्सएमएल (टॅगांत बांधलेला मजकूर) करून टॅलीप्राइम या हिशेबाच्या सॉफ्टवेअरला पोस्ट करता, दर वेळी 200 ओके, म्हणजे एचटीटीपीचा ‘ठीक आहे’ हा कोड येतो, आणि सकाळी डे बुक, म्हणजे टॅलीतली रोजच्या नोंदींची यादी, उघडलं की कोरं. म्हणून आता सोपची (एसओएपी, एक्सएमएलने दोन प्रोग्रामांनी बोलण्याची एक ठरलेली पद्धत) लायब्ररी लावावी का, असं विचारताय.

नको. सोप इथे लागूच होत नाही. टॅलीच्या एक्सएमएलमध्येही एन्व्हलप, हेडर, बॉडी असतं, त्यामुळे गल्लत होते, पण ते टॅलीचं स्वतःचं एन्व्हलप आहे. सोपवाल्या लायब्ररीला आधी डब्ल्यूएसडीएल, म्हणजे सर्व्हरला काय काय विचारता येतं याचं वर्णन करणारी फाइल लागते, ती इथे नाहीच. तुमची पायथॉनची साधी रिक्वेस्ट्स लायब्ररी पुरेशी आहे. (टॅगची नावं मी इथे देवनागरीत लिहितोय. प्रत्यक्षात ती सगळी इंग्रजी कॅपिटलमध्ये.)

खरी गोम त्या 200 मध्ये आहे. सोप 1.1 मध्ये सर्व्हरला निरोप पचला नाही तर तो एचटीटीपीवरच 500 देतो आणि आत फॉल्ट, म्हणजे चुकीचं कारण, ठेवतो, त्यामुळे प्रोग्रामला निदान ठेच तरी लागते. टॅली तसं करत नाही. तुमचं बिल नाकारलं तरी 200 च येतं, आणि नाकारल्याचं कारण उत्तराच्या पोटात असतं. पोस्टमनने पाकीट दारात टाकलं एवढाच त्या 200 चा अर्थ.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. इचलकरंजीतल्या एका हार्डवेअरच्या दुकानासाठी मी हेच काम केलं होतं आणि लॉगमध्ये 200 दिसला की ‘गेलं’ असं छापत होतो. महिनाअखेरीला जीएसटीचे आकडे जुळेनात तेव्हा अकाउंटंट काकांनी छापील बिलं घेऊन एकेक टिक केली, तर त्रेचाळीस बिलं टॅलीत नव्हतीच. एकाच गिऱ्हाइकाची सगळी. बिलिंगमध्ये त्यांचं नाव ‘ट्रेडर्स’ होतं, टॅलीच्या लेजरमध्ये, म्हणजे खात्यात, ‘ट्रेडिंग’. टॅली रोज इमानदारीत सांगत होती की असं लेजर नाही, आणि मी उत्तर न वाचता फेकून देत होतो.

तर आधी उत्तराची बॉडी जशीच्या तशी फाइलमध्ये लिहा आणि डोळ्यांनी वाचा. त्यात क्रिएटेड, ऑल्टर्ड, इग्नोर्ड, एरर्स असे टॅग आणि त्यांत आकडे दिसतील. क्रिएटेडमध्ये 1 असेल तरच बिल गेलं. काही बिनसलं असेल तर लाइनएरर नावाचा टॅग येतो आणि त्यात साध्या इंग्रजीत कारण असतं: अमुक लेजर अस्तित्वात नाही, किंवा व्हाउचरची (टॅलीतल्या एका नोंदीची) बेरीज जुळत नाही. ‘अननोन रिक्वेस्ट’ आलं तर तुमच्या एक्सएमएलचा सांगाडाच चुकलाय.

बेरीज न जुळण्याबद्दल थोडं सविस्तर, कारण इथे जवळजवळ सगळे अडकतात. टॅलीच्या एक्सएमएलमध्ये नावे रक्कम उणे चिन्हाने जाते आणि जमा रक्कम अधिक. विक्रीचं 1,180 रुपयांचं बिल घ्या, 18 टक्के जीएसटीचं. गिऱ्हाईक नावे, म्हणून उणे 1180, आणि त्याच्या ‘इज डीम्ड पॉझिटिव्ह’ टॅगमध्ये येस. विक्री 1000, सीजीएसटी 90, एसजीएसटी 90 हे जमा, म्हणून अधिक, आणि त्या टॅगमध्ये नो. उणे रकमेला ‘पॉझिटिव्ह’ म्हणायचं, हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं आपलंच डोकं फिरलंय. पण ते तसंच आहे, वाद घालू नका. चौघांची बेरीज बरोबर शून्य हवी. पायथॉनच्या फ्लोटमध्ये रकमा ठेवल्या असतील तर एखाद्या पैशाचा फरक पडून बिल परत येईल. त्याऐवजी दशांश अचूक ठेवणारा डेसिमल हा प्रकार वापरा, आणि राउंड ऑफचं वेगळं लेजर असेल तर तीही ओळ पाठवा.

सांगाडा मनाने रचू नका. टॅलीत हाताने एक बिल करा, ते एक्सएमएलमध्ये एक्सपोर्ट करा आणि समोर ठेवून नक्कल करा. त्यातले निम्मे टॅग तुम्हाला लागणार नाहीत, पण कुठला कशाच्या आत बसतो हे दिसतं. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी सलग आठ आकडी लिहायची, मध्ये रेघा नकोत.

तुमच्या उत्तरात क्रिएटेड 1 येत असेल आणि तरी डे बुक कोरं असेल तर शक्यता वेगळ्या. डे बुक एकाच दिवसाचं उघडतं, तेव्हा कालावधी बदलून बघा. दोन कंपन्या उघड्या असतील आणि रिक्वेस्टमध्ये कंपनीचं नाव दिलं नसेल तर त्या वेळी जी चालू असेल तिच्यात एन्ट्री जाते. वर्षागणिक कंपनी वेगळी करणाऱ्यांची बिलं अशी गेल्या वर्षीच्या वहीत जाऊन बसतात. आणि तुम्ही घरी लायसन्सशिवाय, एज्युकेशनल मोडमध्ये तपासत असाल तर तिथे महिन्याच्या 1, 2 आणि 31 याच तारखा चालतात. सतरा तारखेचं बिल पाठवून डोकं खाजवत बसू नका.

आता नावांचं. तुम्ही एक्सएमएल स्ट्रिंग जोडून, म्हणजे मजकुराचे तुकडे चिकटवून बनवताय असं तुम्ही दिलेल्या कोडवरून दिसतं. ‘शिंदे & सन्स’ आले की ते मोडणार, कारण & हे चिन्ह एक्सएमएलमध्ये उघडं ठेवता येत नाही. पायथॉनच्या एलिमेंट-ट्रीने बांधा, ते अशी चिन्हं आपोआप एस्केप करतं, म्हणजे चालतील अशा रूपात बदलतं. देवनागरी नावं असतील तर बॉडी आधी स्वतः बाइट्समध्ये बदला, मग पाठवा. ‘महाराष्ट्र’ या शब्दात दहा कोडपॉइंट (कॉम्प्युटर वेगळी मोजतो ती चिन्हं) आहेत, पण यूटीएफ-8 मध्ये तीस बाइट्स होतात आणि यूटीएफ-16 मध्ये वीस. बॉडीची लांबी सांगणारा कंटेंट-लेंथ हेडर हाताने, अक्षरं मोजून भरला तर समोरचा अर्धवटच वाचून थांबतो. तो हेडर भरूच नका, बाइट्स दिले की रिक्वेस्ट्स तो बरोबर भरते. माझ्याकडे टॅलीशी यूटीएफ-16 मध्ये बोलणं सुरळीत चाललं. फक्त कंटेंट-टाइप या हेडरमध्ये कॅरसेट (यूटीएफ-8 की 16) तेच लिहायचं जे बॉडीत वापरलंय. एक सांगायचं आणि दुसरं पाठवायचं केलंत की नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतील.

उलट दिशेलाही एक खड्डा आहे. टॅलीकडून लेजरची यादी मागवलीत की काही नावांच्या आधी 4 नंबरचं कंट्रोल कॅरेक्टर येतं, उदाहरणार्थ ‘प्रायमरी’ या ग्रुपच्या आधी. एक्सएमएल 1.0 ला ते वर्ज्य आहे, म्हणून पायथॉनचा पार्सर (एक्सएमएल वाचणारा भाग) तिथेच हात वर करतो. पार्स करण्याआधी तो तुकडा स्ट्रिंगमधून काढून टाका. ही यादी रोज मागवाच, म्हणजे बिल पाठवण्याआधीच नाव जुळतंय का ते कळेल. माझी त्रेचाळीस बिलं त्यानेच वाचली असती.

टाइमआउट, म्हणजे उत्तराची किती वेळ वाट बघायची ती मर्यादा, द्यायला विसरू नका. रिक्वेस्ट्सला आपला असा टाइमआउट नसतो, टॅली अडकली तर तुमचा प्रोग्राम रात्रभर तसाच उभा राहील. पण टाइमआउट झाला म्हणून तेच बिल आंधळेपणाने परत पाठवू नका. कदाचित ते आत गेलेलं असतं, फक्त उत्तर उशिरा येत असतं. आधी त्या नंबरचं बिल आहे का ते विचारा, नसेल तरच पाठवा. आणि एकामागून एकच पाठवा, दहा थ्रेड लावून घाई करण्यात अर्थ नाही.

टॅली ज्यावर ऐकते तो पोर्ट 9000 चालू आहे याची खात्री ब्राउझरमध्ये लोकलहोस्ट आणि तो पोर्ट टाकून होते, सर्व्हर चालू असल्याची एक ओळ दिसते. तो पोर्ट दुकानाच्या नेटवर्कबाहेर मात्र उघडू नका, तिथे कुणी पासवर्ड विचारत नाही.

आज रात्री सगळी बिलं नका पाठवू. एकच पाठवा आणि लाइनएररमध्ये काय आलं ते इथे टाका, मग पुढचं बघू. गिऱ्हाइकाचं नाव आणि जीएसटी नंबर तेवढा खोडून.