सोसायटीच्या सुरक्षा रक्षकाचं आधार कार्ड घेतलं, तरी पोलीस पडताळणी लागतेच का?

पुण्यातल्या तुमच्या सोसायटीला नव्या एजन्सीने चार रक्षकांची आधार कार्डं दिली आणि "व्हेरिफिकेशनला टाकलंय, तोवर यावर चालवा" असं सांगितलं. हे चालतं का, असं तुम्ही विचारलं आहे. नाही चालत. मी अकरा वर्षं एका एजन्सीत भरती पाहत होतो आणि हेच वाक्य मीही कितीतरी सोसायट्यांना ऐकवलं आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

आधारवरून माणूस कोण हे कळतं, तो कसा वागला ते कळत नाही. खाजगी सुरक्षा एजन्सी (नियमन) कायदा, 2005, म्हणजे आमच्या भाषेत 'पसारा', याचं कलम 10 पाहा. रक्षकाचं वय 18 ते 65 हवं, ठरलेलं प्रशिक्षण झालेलं हवं आणि त्याच्या चारित्र्याबद्दल व पूर्वेतिहासाबद्दल एजन्सीची खात्री पटलेली हवी. ही खात्री नेमणुकीच्या आधी करायची असते. गेटवर उभं करून मग नव्हे. हे कलम मोडलं तर 25,000 रुपयांपर्यंत दंड होतो, शिवाय परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो.

घोळ होतो तो पावतीत. केंद्राच्या 2006 च्या आदर्श नियमांत पोलिसांना अहवालासाठी 90 दिवसांची मुदत होती. एजन्सीला पॉइंट, म्हणजे रक्षकाची जागा, उद्या भरायचा असतो. मग अर्जाची पावती फाइलला लागते आणि तीच दाखला म्हणून फिरते. तुम्ही पावती घेऊ नका, पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र मागा आणि त्यावरची तारीख बघा. त्या नियमांनुसार ते तीन वर्षांपर्यंतच ग्राह्य असायचं.

दुसरी गोष्ट पत्त्याची. त्याच नियमांत होतं की गेल्या पाच वर्षांत माणूस जितक्या जिल्ह्यांत राहिला, तितके अर्ज भरायचे. आमच्याकडे एक जण दोन वर्षं भोसरीत राहत होता, त्याआधी सुरतेत. आम्ही फक्त इथला दाखला काढला आणि तो स्वच्छ आला. सुरतेत चोरीच्या प्रकरणात त्याला शिक्षा झाली होती, हे सहा महिन्यांनी एका सभासदाकडून कळलं. तो अर्ज माझ्या हाताखालून गेला होता, आजही ते मनाला लागतं. तेव्हापासून मी आधी "इथे येण्यापूर्वी कुठे होतास?" हे विचारायचो आणि जुन्या मालकाला स्वतः फोन करायचो.

पण उलट बाजूनेही अन्याय करू नका. कायदा न्यायालयाने दोषी ठरवलेल्याला अडवतो, नुसता गुन्हा नोंदवला गेलेल्याला नाही. बीडच्या एका मुलावर बांधावरच्या भांडणाचा गुन्हा होता. भावकीतल्या वादात घरच्या सगळ्यांचीच नावं घातली होती. मी कागद वाचले, गावात चौकशी केली आणि त्याला घेतलं. गुन्हा काय, कधीचा आणि पुढे काय झालं, एवढं विचारायला दहा मिनिटं लागतात.

माजी सैनिक असेल तर डिस्चार्ज बुक, म्हणजे सैन्यातून सुटताना मिळालेलं सेवेच्या नोंदींचं पुस्तक, नीट वाचा. सैन्यातून किंवा पोलिसांतून गैरवर्तनासाठी काढलेल्या माणसाला हा कायदा रक्षक होऊ देत नाही.

आता सोसायट्या विसरतात ते: बदली रक्षक. नेहमीचा गडी गावी गेला की रात्री भलताच माणूस येतो आणि त्याचा एकही कागद तुमच्याकडे नसतो. करारात लिहून घ्या की ज्याचं प्रमाणपत्र सोसायटीला आधी दिलेलं नाही, त्याला ड्यूटीवर पाठवायचं नाही. एजन्सीला रक्षकांची नावं, पत्ते, फोटो आणि पगार यांची नोंदवही ठेवावीच लागते, त्यामुळे यादी मागितली तर त्यांना काही जड जात नाही. एजन्सीचा परवानाही बघा, तो पाच वर्षांचा असतो.

तुमच्या त्या चौघांसाठी आजच लेखी पत्र द्या आणि कोणाचा अर्ज कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या तारखेला गेला ते मागवा. ज्याची तारीख एजन्सीला सांगता येणार नाही, त्याचा अर्ज बहुधा गेलेलाच नसतो.