कोबोलवाल्यांना जर्मनीत खरंच मागणी आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यात नऊ वर्षं मेनफ्रेमवर (बँका-विमा कंपन्यांच्या मोठ्या संगणकांवर) काम, कोबोल ही तिथली जुनी प्रोग्रॅमिंगची भाषा आणि सोबतची डीबी-टू, सीआयसीएस, जेसीएल ही साधनं सगळी हातातली, क्लायंट अमेरिकन बँक, घरी बायको आणि एक मूल. जर्मनीत कोबोलवाल्यांची टंचाई आहे, कोणीही घेईल, असं ऐकलंय. ते कितपत खरं आणि निघायचं कसं?

टंचाई खरी आहे. ‘कोणीही घेईल’ हे मात्र खोटं. गाडी अडते ती कोबोलवर नाही, जर्मनवर.

आधी टंचाईचं कारण. जर्मनीत सर्वांत जास्त मुलं जन्मली ती १९६४ साली, सुमारे साडेतेरा लाख. १९६४ पासून पुढे जन्मलेल्यांचं निवृत्तीचं वय ६७, म्हणजे ही मंडळी २०३१ च्या सुमारास घरी बसणार. म्युनिक, कोलोन, हॅनोव्हरच्या विमा कंपन्या, फ्रँकफर्टच्या बँका आणि सरकारी पेन्शनची खाती यांच्या जुन्या सिस्टिम्स याच पिढीने वाढवल्या. त्या कशा चालतात हे पुष्कळदा कागदावर नसतं, माणसांच्या डोक्यात असतं. ते डोकं निवृत्त व्हायच्या आत त्याच्याशेजारी बसून, त्याच्याच भाषेत प्रश्न विचारू शकणारा माणूस त्यांना हवाय. (२०२० च्या एप्रिलमध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरने कोबोल जाणणाऱ्यांना हाक दिली, ती बातमी ‘कोबोल म्हणजे सोन्याची खाण’ म्हणून अजून फिरते. नीट वाचा: ते स्वयंसेवक मागत होते.)

भाषेचा अडसर मीटिंगपुरता नाही, तो कोडमध्येच आहे. फील्डची नावं, कॉमेंट्स, एरर मेसेज, सगळं जर्मन, तेही तोडून आखूड केलेलं. विमा कंपनीत ‘आंट्राग’ म्हणजे प्रपोजल, ‘फेरट्राग’ म्हणजे करार, ‘बायट्राग’ म्हणजे हप्ता, ‘नाखट्राग’ म्हणजे पॉलिसीत मागाहून केलेला बदल, ‘यूबरट्राग’ म्हणजे पुढे ओढलेली रक्कम. यांची चार-चार अक्षरी रूपं एकाच कॉपीबुकमध्ये (अनेक प्रोग्रॅम वापरतात त्या फील्डच्या सामायिक यादीत) शेजारीशेजारी आली की गुंता होतो. त्यामुळे बी-टूला, म्हणजे कामावर सहज बोलता येईल अशा जर्मनच्या पातळीला, पर्याय नाही. ग्योथे इन्स्टिट्यूटच्या हिशेबाने शून्यापासून बी-टूपर्यंत पंचेचाळीस मिनिटांचे ६०० ते ८०० तास लागतात. नोकरी सांभाळून पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनात शिकलात तर दीड-दोन वर्षं धरा. त्याखालची बी-वन पातळी झाली की अर्ज सुरू करा, त्याआधी पाठवलेले बहुतेक वाया जातात.

तांत्रिक बाजूला तुमचं बहुतेक सगळं चालेल, पण काही गोष्टी पहिल्या आठवड्यातच आपटतात. तुमचा टर्मिनल एमुलेटर (मेनफ्रेमचा पडदा दाखवणारा प्रोग्रॅम) अमेरिकन कोडपेज ०३७ वर असतो (कोडपेज म्हणजे कोणता बाइट कोणतं अक्षर ते सांगणारा तक्ता), तिथे २७३ किंवा युरोचं चिन्ह असलेलं ११४१. ज्या बाइटला तुम्ही ‘@’ म्हणता तो तिथे ‘§’ दिसतो, आणि एसक्यूएलमध्ये मजकूर जोडायच्या दोन उभ्या रेघा दिसतात दोन उद्गारचिन्हं. कोड चुकलाय असं समजून दुरुस्त करायला जाल आणि चालणारा प्रोग्रॅम मोडाल. दुसरं, प्रोग्रॅमच्या डोक्यावर ‘डेसिमल-पॉइंट इज कॉमा’ असतं, म्हणजे दशांश स्वल्पविरामाने दाखवायचा. मग पिक्चर क्लॉजमध्ये (आकड्याच्या साच्यात) स्वल्पविराम आणि टिंब यांची अदलाबदल होते, आणि फंक्शनच्या कंसात ‘१,२’ जागा न सोडता लिहिलं तर दोन आकडे न राहता एक पूर्णांक दोन दशांश होतो.

तिसरं, पीएल-वन ही मेनफ्रेमवरची दुसरी जुनी भाषा. जर्मन विमा कंपन्यांत ती भरपूर आहे आणि आपल्याकडे शिकवणारे थोडे. कोबोलवाल्याला वाचण्यापुरती चार-सहा आठवड्यांत येते, पण एक खोड लक्षात ठेवा: न सांगितलेलं व्हेरिएबल ती मुकाट चालवून घेते. आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारं नाव असेल तर पूर्णांक धरते, नाहीतर फ्लोट (दशांशाचा आकडा). नावात एक अक्षर चुकलं तरी कंपाइल होतं, वॉर्निंग वाचल्या नाहीत तर चूक थेट महिनाअखेरीच्या बॅचमध्ये सापडते. सरकारी खात्यांकडे वळायचं असेल तर बीएस-२००० ही मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम आणि डार्मश्टाटमध्ये घडलेलं नॅचरल-अ‍ॅडाबास (भाषा आणि डेटाबेस) ही नावंही माहीत असू द्या.

सीव्हीत ‘सपोर्ट’ लिहून काही होत नाही. खरी विकली जाणारी गोष्ट म्हणजे कंपायलर (लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवणारं सॉफ्टवेअर) बदलण्याचा अनुभव. एंटरप्राइज कोबोल ४.२ या आयबीएमच्या कंपायलरचा सपोर्ट ३० एप्रिल २०२२ ला संपला. पाच आणि सहाच्या आवृत्त्यांत तयार प्रोग्रॅम साध्या पीडीएसमध्ये (जुन्या पद्धतीच्या फाइल-संचात) ठेवता येत नाहीत, पीडीएसई हा नवा प्रकार लागतो, आणि संख्येच्या फील्डमधली चिन्हं सैलपणे तपासणारा ‘नमप्रॉक मिग’ हा पर्याय काढून टाकलाय. परिणाम असा की संख्येच्या फील्डमध्ये पडून असलेला कचरा, जो वीस वर्षं कुणाला टोचला नाही, तो नव्या कंपायलरखाली कधी एस-झिरो-सी-सेव्हन (चुकीच्या आकड्यामुळे प्रोग्रॅम बंद पडल्याची खूण) देतो, तर कधी काहीच न बोलता वेगळं उत्तर देतो. दुसरा प्रकार जास्त वाईट. जुन्या-नव्या आउटपुटची ताळेबंदासारखी तुलना तुम्ही केली असेल तर ते सीव्हीत सर्वांत वर, किती प्रोग्रॅम आणि किती जॉब यांच्या आकड्यांसह.

कागदपत्रं. तुमच्यासाठी रस्ता ब्लू कार्ड, म्हणजे कुशल परदेशी लोकांना मिळणारा राहण्या-काम करण्याचा परवाना. आयटी टंचाईच्या यादीत असल्याने २०२६ साठी वार्षिक ४५,९३४.२० युरोंचा करार पुरतो. हा आकडा दर जानेवारीत बदलतो. पदवी जर्मन समकक्ष आहे का ते अनाबिन या सरकारी यादीत बघा: विद्यापीठापुढे ‘एच प्लस’ हवं आणि तुमची पदवीही सापडायला हवी. नसेल तर २०८ युरो भरून पदवीचं मूल्यांकन करून घ्या. तेही जमलं नाही तरी आयटीवाल्यांना गेल्या सात वर्षांतल्या किमान तीन वर्षांच्या अनुभवावर ब्लू कार्ड मिळू शकतं. इथे घोटाळा असा होतो की आपल्या कंपन्यांच्या अनुभवपत्रात फक्त पद आणि तारखा असतात. ‘सिस्टिम्स इंजिनीअर’वरून व्हिसा अधिकाऱ्याला काहीच कळत नाही. काय काम केलं, कोणत्या भाषेत, कोणत्या जबाबदारीवर, हे लेटरहेडवर सहीशिक्क्यानिशी राजीनाम्याआधी मिळवा. नंतर कुणी दाद देत नाही. बायकोला भाषेची परीक्षा लागत नाही आणि आल्याआल्या नोकरी करता येते. कायमचा परवाना २७ महिन्यांत, बी-वन असेल तर २१ महिन्यांत.

पैशाचा अंदाज: वर्षाला ६०,००० मिळाले आणि एकटे असाल तर कर, पेन्शन, आरोग्यविमा कापून महिन्याला साधारण ३,१०० ते ३,२०० युरो हाती येतात. बायको कमावत नसेल तर कर बराच कमी होतो.

इंटरनेटवर दिसणारे दिवसाचे मोठे दर बघून हरखू नका. ते फ्रीलान्सरांचे असतात आणि नव्या ब्लू कार्डवर तो धंदा करता येत नाही. सध्याच्या कंपनीतूनच ऑनसाइट जायचा मोह होईल. ते बहुधा आयसीटी कार्डवर (कंपनीअंतर्गत बदलीच्या परवान्यावर) होतं, जास्तीत जास्त तीन वर्षं, आणि मालक बदलता येत नाही.

मुलाखतीत एक प्रश्न तुम्हीच विचारा: ही सिस्टिम ‘आबल्योझुंग’मध्ये आहे का, म्हणजे ती काढून दुसरी आणायचं ठरलंय का? हो म्हणाले तरी घाबरायचं कारण नाही, असे प्रकल्प ठरलेल्या तारखेच्या पुढे वर्षानुवर्षं लांबतात आणि जुना कोड वाचणाऱ्याची गरज तेव्हाच जास्त असते. मात्र करार मुदतीचा आहे की कायमचा ते त्याच बैठकीत लिहून घ्या. पहिले सहा महिने प्रोबेशन असतं आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर काढता येतं, म्हणून कुटुंब मागाहून आणलंत तर बरं.