हॉलमध्येच जेवणाची जागा वेगळी करायची आहे. जपानी पद्धतीचं घडीचं पार्टिशन घ्यावं का?

जरूर घ्या, पण नुसता आडोसा म्हणून नको. जपानी ब्योबु, म्हणजे चित्र काढलेली घडीची पार्टिशनं, वारा अडवायला आणि मोठ्या दालनात जागा वेगळी करायला वापरत, तरी त्यावरचं चित्र खुलतं ते फळ्या नागमोडी उभ्या असतानाच. तोक्योच्या नेझु संग्रहालयात चित्रकार ओगाता कोरिनने आयरिस फुलं रंगवलेली सहा-सहा फळ्यांच्या ब्योबुंची जोडी आहे. सोनेरी वर्खावर निळी फुलं, हिरवी पानं, बस. घडीमुळे काही गुच्छ पुढे येतात, काही मागे सरतात. असा सोनेरी वर्ख मंद उजेडात सुंदर दिसतो, म्हणून त्यावर फोकस लाइट मारू नका. बाजूला एक पिवळा दिवा पुरे.

जुन्या ब्योबुंना कागदी बिजागऱ्या असतात. त्यामुळे दोन फळ्यांत फट राहत नाही आणि चित्र सलग दिसतं. बाजारात बहुतेक वेळा धातूच्या बिजागऱ्या मिळतात, तिथे मोठं चित्र जोडावर तुटतं. अशा वेळी साधी लाकडी जाळी किंवा वेताचं विणकामच घ्या, असं माझं स्पष्ट मत.

मुंबई-कोकणात राहत असाल तर शोजी पद्धतीचं, म्हणजे लाकडी चौकटीवर कागद लावलेलं पार्टिशन टाळा. पावसाळ्यात कागद सैल पडतो, बुरशी धरते.

आणि जागा वाचवायला ते सरळ ताणून उभं करू नका. पंख्याच्या वाऱ्याने किंवा मुलाच्या धक्क्याने आडवं होईल. प्रत्येक जोडाला चांगला कोन हवाच, तेव्हा घेण्याआधी तो कोन धरून जागा मोजा.