कान पुढे आलेत, ऑपरेशन करावं का?

प्रश्न : डॉक्टर, माझा मुलगा ७ वर्षांचा आहे. जन्मापासून दोन्ही कान पुढे आलेले, लहानपणी सगळे गणपतीचे कान म्हणून कौतुक करायचे, पण आता वर्गातली पोरं सुपडकान्या म्हणून चिडवतात आणि हा भर उन्हाळ्यात कानटोपी मागतो. सासूबाई म्हणतात मोठे कान भाग्याचे, हात लावू नका. ऑपरेशनने ऐकू कमी येईल का?
- एक आई, सांगली

उत्तर : ताई, ऐकण्याची काळजी सोडा. बाहेर दिसतो तो कान म्हणजे कूर्चा आणि वर कातडी, ऐकण्याचं काम आत हाडात चालतं, त्याला आम्ही हातच लावत नाही.

आरशात स्वतःचा कान बघा, वरच्या कडेच्या आत एक दुसरी घडी दिसेल, वर जाऊन तिला दोन फाटे फुटतात. पुढे आलेल्या कानात बऱ्याचदा ही घडी नीट पडलेलीच नसते, नाहीतर भोकाभोवतीची वाटी जास्त खोल असते, कधी दोन्ही. मग आम्ही कानाच्या मागून चीर घेतो, म्हणजे व्रण मागे लपतो, आणि न विरघळणाऱ्या टाक्यांनी ती घडी पाडतो, ही मुस्टार्डे यांची १९६३ ची पद्धत, आणि वाटी खोल असेल तर ती मागच्या हाडाच्या आवरणाला टाके घालून मागे ओढतो, ती फर्नास यांची १९६८ ची. अजूनही याच दोन्ही पद्धती सर्रास वापरतात.

वयाचं म्हणाल तर ५-६ वर्षांपर्यंत कानाची बरीचशी वाढ झालेली असते, त्यामुळे ७ व्या वर्षी करायला हरकत नाही. पण त्याला स्वतःला हवंय का हे आधी बघा, तुम्हाला नाही, त्याला. मी ओपीडीत मुलाला आरशासमोर बसवते, दोन बोटांनी कान मागे दाबते आणि गप्प बसते. एक मुलगा कितीतरी वेळ बघत राहिला आणि हळूच म्हणाला, "असंच राहू दे ना." एका मुलीने माझा हात झटकला आणि पळत आईकडे गेली, तिला मी तसंच घरी पाठवलं, तिला काहीच त्रास नव्हता, त्रास आईला होता.

लहान मुलांना सहसा पूर्ण भूल लागते, मोठ्या माणसांचं नुसता कान बधिर करूनही होतं. काही दिवस डोक्याला बँडेज, मग काही आठवडे रात्री झोपताना हेअरबँडसारखा पट्टा, आणि साधारण महिनाभर क्रिकेट, पोहणं, मारामारी बंद, म्हणून मे महिन्याची सुट्टी बरी पडते. धोके आहेतच, जंतुसंसर्ग होऊ शकतो, व्रण जाड होऊ शकतो, कान थोडा परत पुढे येऊ शकतो, दोन्ही कान अगदी तंतोतंत सारखे होतील असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पहिल्या दोन-तीन दिवसांत एकाच कानात ठणका वाढत गेला तर आत रक्त साकळलेलं असू शकतं, सकाळची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा.

आणि ऑपरेशन करा न करा, बाईंना भेटून वर्गातलं चिडवणं आधी थांबवा.

प्रश्न : वय ५४. वर्षानुवर्षं जड झुबे घातले, भोक ओघळत ओघळत कानाची पाळी फाटली. पार्लरवाली म्हणते औषध लावून चिकटवते, टाके नकोत.
- एक वाचक, नाशिक

उत्तर : नका हो तसं करू. ते औषध बऱ्याचदा अॅसिड असतं, कडा भाजून चिकटवायचा प्रकार, त्याने पाळी काळी पडते, वाकडी होते. प्लास्टिक सर्जन तेवढी पाळी बधिर करून कडा ताज्या करतात आणि टाके घालतात, अर्धा-पाऊण तासाचं काम, लगेच घरी. सुश्रुतसंहितेत फाटलेली पाळी जोडायचे १५ प्रकार दिलेत, इतकी जुनी आपली ही विद्या, सांगलीच्या सासूबाईंनाही हे सांगायला हवं! रक्त पातळ करायची गोळी, शुगर, आणि आधी कुठे टोचल्यावर गाठ आली असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. नवीन भोक दोन-तीन महिन्यांनी, व्रणाच्या बाजूला पाडा, आणि झुबे घालायचेच तर वजन पेलणारा वेल लावा.

प्रश्न : बाळ ९ दिवसांचं आहे, एका कानाचा वरचा भाग दुमडलेला आहे. आई म्हणते तेल लावून चोळलं की सरळ होईल.
- नवी आई, पनवेल

उत्तर : सांगलीच्या ताईंना मी आधी मुलाला हवंय का बघा म्हणाले, तुम्हाला मात्र घाई करा म्हणते. आईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन हे हार्मोन बाळाच्या अंगात असतं तोवर कूर्चा मऊ असते, पहिल्या काही आठवड्यांत साचा लावून कान बिनऑपरेशनचा वळवता येतो, नंतर ती घट्ट होत जाते. काही कान आपोआपही सुटतात, पण ते डॉक्टरांना तपासून ठरवू दे. चोळू नका, घरी चिकटपट्टी लावू नका, बाळाची कातडी सोलते. बारसं होऊ दे मग बघू असंही नको, याच आठवड्यात बाळाला दाखवून या.