‘स्प्लायसिंग’ला ‘जोडणी’ म्हणावं का?

खानापुरातल्या एका वाचकानं विचारलं आहे: थॅलेसेमिया (हिमोग्लोबिन कमी बनण्याचा आनुवंशिक आजार) तपासणीच्या मराठी पत्रकात ‘जनुक जोडणीतील दोष’ असं छापतो आहोत, स्प्लायसिंगला हा शब्द चालेल का?

नको. ‘जनुक जोडणी’ वाचून वाटतं, प्रयोगशाळेत कुणी एक जनुक दुसऱ्याला जोडतंय. स्प्लायसिंगमध्ये जनुकाला धक्काही लागत नाही. डीएनएवरून उतरवलेल्या आरएनएच्या कच्च्या प्रतीवर हे काम चालतं: मधले तुकडे, म्हणजे इन्ट्रॉन, काढले जातात आणि उरलेले एक्झॉन सलग होतात. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या जनुकात एक्झॉन 3 आणि इन्ट्रॉन 2. पहिला इन्ट्रॉन 130 अक्षरांचा (अक्षर म्हणजे डीएनए-आरएनएच्या साखळीतला एकेक घटक), दुसरा 850. एवढी छाटणी ‘जोडणी’ या शब्दात दिसतच नाही.

बेळगावातल्या वडगाव-शहापूरच्या मागावर ताण्याचा धागा तुटला की तो सांधतात. नळजोडणी, वीजजोडणी यांत एका वस्तूला दुसरी लागते. सांधताना एकाच धाग्याची दोन टोकं पुन्हा एक होतात. आरएनएत नेमकं हेच घडतं. म्हणून ‘छाटून सांधणं’ म्हणा, नाम हवं असेल तर ‘छाटसांधणी’. ‘संधान’ अर्थानं जवळचं आहे, पण ‘संधान बांधणं’ मनात येतं आणि वाचक भलतीकडे जातो.

‘दोष’ हा शब्दही जपून वापरायला हवा. भारतात बीटा थॅलेसेमियात सगळ्यात जास्त सापडणारा बदल पहिल्या इन्ट्रॉनच्या पाचव्या अक्षरात असतो: ‘जी’ या अक्षराच्या जागी ‘सी’. इन्ट्रॉनची सुरुवात यू1 नावाचा छोटा आरएनए अक्षराला अक्षर जुळवून ओळखतो. इथली खूण जीयूयूजीजीयू. तिच्यातलं तिसरं आणि चौथं अक्षर मुळातच नीट जुळत नाही, त्यात पाचवंही गेलं की पकड ढिली पडते. मग कात्री शेजारच्या तीन फसव्या खुणांवर चालते: दोन एक्झॉनच्या आत, एक इन्ट्रॉनमध्ये 13 अक्षरं पुढे. सांधा पक्काच बसतो, फक्त चुकीच्या जागी. थोड्या प्रती बरोबर निघतात, म्हणून बीटा साखळी अगदी बंद होत नाही, फार कमी बनते. म्हणजे बिघाड सांधण्यात नाही, खुणेत आहे.

पत्रकात असं लिहिता येईल: ‘या जनुकात छाटण्याची खूण बदललेली असते. त्यामुळे आरएनए चुकीच्या जागी छाटून सांधला जातो आणि हिमोग्लोबिन कमी बनतं.’ शेजारी ‘स्प्लायसिंग’ही छापा, कारण पीयूसीच्या (अकरावी-बारावीच्या) मुलांना तोच शब्द ओळखीचा आहे. जनुक तपासणीच्या रिपोर्टवर ‘आयव्हीएस 1-5’ असं येतं, तेही उलगडून द्या: आयव्हीएस हे इन्ट्रॉनचंच दुसरं नाव, 1 म्हणजे पहिला इन्ट्रॉन, 5 म्हणजे त्यातलं पाचवं अक्षर.