गेम ऑफ थ्रोन्स या मालिकेचा शेवटचा सीझन इतक्या लोकांना का आवडला नाही?

माझ्या मते मूळ दुखणं घाईचं आहे. पहिल्या सहा सीझनमध्ये प्रत्येकी १० भाग होते, सातव्यात ७ आणि २०१९च्या आठव्यात फक्त ६. सिंहासनावर हक्क सांगणाऱ्या डेनेरिसने शरण आलेलं शहर जाळणं अशक्य नव्हतं, तिच्या क्रूरपणाच्या खुणा आधीपासून होत्याच. पण गुलामांच्या बेड्या तोडणारी ही मुलगी तिथवर कशी पोचली, हे बघायला आपल्याला वेळच दिला नाही. शरणागतीच्या घंटा वाजल्या आणि ती बदलली! राणी सर्सीचा भाऊ आणि प्रियकर जेमी, त्याचं तर फारच लागलं मनाला. ब्रिएन या लढवय्या बाईला त्याने स्वतःच्या हाताने नाइट म्हणजे सरदार-योद्ध्याची पदवी दिली, आणि इतक्या वर्षांत कमावलेलं सगळं टाकून तो सर्सीकडे परत गेला. मृतांच्या सैन्याचा राजा नाइट किंग या सीझनच्या तिसऱ्याच भागात संपला. रामिन जवादीचं संगीत मात्र शेवटपर्यंत तितकंच सुंदर होतं.